कचरूचं वय

बैल मेला तो न्याहारीच्या वेळी.

वैशाख निम्मा सरला होता. आठ दिवसांमागं वळवाचा पाऊस पडून गेला होता आणि कापलेल्या ज्वारीच्या धसकटांना वीतभर हिरवे फुटवे आले होते. असल्या फुटव्यांत जनावर घालायचं नसतं हे भुजंगच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. किराळ लागतं, पोट फुगतं, घटकाभरात जनावर जातं. त्याच्या धाकट्या पोराला, कचरूलाही ठाऊक होतं. पण आदल्या दिवसभर त्यानं एकट्यानं उकिरड्यातलं खत पाट्यांनी वाहून शेतात टाकलं होतं. बैल बांधावर सोडून तो बाभळीखाली बसला आणि त्याचा डोळा लागला. जागा झाला तेव्हा चांद्या धसकटात बसलेला, मान लांब केलेली, तोंडाला फेस. दुसरा बैल, पाखऱ्या, बांधावरच उभा राहून वाळलं गवत चघळत होता.

भुजंग धावत आला. त्याच्या बायकोनं, साळूबाईनं घरून ताक आणलं. बांबूच्या नळीनं ते बैलाच्या घशात ओतलं, निम्मं बाहेर आलं. चांद्यानं पाय झाडले आणि थांबला.

भुजंगनं पोराला मारलं नाही. तो नुसता ढेकळांत बसून राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "झोप झाली का?"

कचरू चांद्याच्या तोंडावरचा फेस पुसत राहिला.

वखरणी अर्धी राहिली होती. रोहिण्या तोंडावर आलेल्या. गावात ज्याची त्याची वखरणी चाललेली, बैल मागायची सोय नव्हती. थोरला धर्मराज घरात आडवा होता. त्याच्या घोट्यातून नारूचा जंत निघत होता. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, तुटला तर पाय सडायचा. त्याची बायको तुळजाबाई दिवसातून दोनदा कांदा भाजून त्यावर बांधायची. तो तर उभाही राहू शकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी भुजंगनं वखर धरला आणि चांद्याच्या जागेकडे बोट केलं.

"चल. तूच चाल आता त्याच्या जागी."

कचरूला वाटलं, बा रागानं बोलून राह्यला. पण भुजंगनं जू उचलून धरलं होतं. पोरगं उंच होतं, बापाच्या कानाला लागलेलं. अंगावर मात्र मांस नव्हतं. त्यानं खांद्यावर धोतराची घडी ठेवली आणि जुवाखाली शिरला. पाखऱ्या पहिल्यांदा बुजला, मग वास घेऊन शांत झाला. वखर चालायला लागला. वाकडा चालायचा, कारण बैलाची ओढ जास्त. भुजंग मागून ओरडायचा, "दाब! वढ!" दुपारपर्यंत घडीखालचं कातडं सोललं. साळूबाई भाकरी घेऊन आली, बांधावरून तिनं बघितलं आणि तोंड फिरवून बाभळीखाली टोपली ठेवली. तिथंच पाठ करून बसली.

तिसऱ्या दिवशी शेजारचा बद्रीनाथ पाण्याला चालला होता. बरोबर विहिरीवर निघालेल्या चार बाया. बांधावर थांबून तो म्हणाला,

"भुजंगा, नवा बैल चांगला घेतला की! किती दाती हाय?"

बाया हसल्या. भुजंगनं वखर थांबवला, घाम पुसला. तोही हसला.

"अजून आदत हाय," म्हणाला. "दात यायचेत."

वखराचं ते तास कचरूनं पुरं केलं. तासाच्या शेवटाला तो जुवाखालून बाहेर आला, जू हळूच जमिनीवर टेकवलं, पाखऱ्याच्या मानेवरून हात फिरवला आणि पाणी प्यायला म्हणून गेला. तो परत आला नाही.

*

बाजारच्या दिवशी कुणीतरी सांगितलं, भरतीवाले बदनापूरला येऊन गेले, कचरू टेसनावर त्या पोरांच्या ओळीत दिसला. लढाई सुरू होऊन चार वर्सं होत आली होती. गावाला लढाई म्हणजे रॉकेल मिळत नाही आणि घरातली ज्वारी सरकारच्या लेव्हीला घालावी लागते, एवढीच माहीत. उभं राहता येऊ लागताच धर्मराजनं पायाला फडकं बांधलं आणि काठी टेकत दोन कोसांवर बदनापूरला गेला, तिथून आगगाडीनं जालन्याला. भरतीच्या मुनशीनं यादी वरून खाली बघितली.

"कचरू वल्द भुजंग? असा कुणी न्हाई."

"उंच हाय. खांदा सोललेला."

"खांद्याची यादी नसते. नाव न्हाई म्हनलं ना."

मग घरानं धरून घेतलं की तो मनमाडला गेला असेल, गिरणीत नाहीतर कुणाच्या हाटेलात कपबशा धुवत असेल. साळूबाई बाजाराला गेली की मनमाडकडून आलेल्या माणसाला विचारायची. भुजंग काही विचारायचा नाही. पोळा झाला, दिवाळी झाली, ज्वारी निघाली. सुगीनंतर दुसरा बैल आला. दावणीला दोन बैल दिसायला लागले. पुन्हा वखरणी झाली.

आषाढात डाकवाला ख्वाजामियाँ आला. एरवी तो गावात आठवड्यातून एकदा यायचा आणि चावडीवर बसायचा. त्या दिवशी थेट दारात आला. छत्री मिटून भिंतीला लावली. सगळी घरातच होती, पाऊस लागून राहिल्यामुळं. धर्मराज पडवीत दोर वळत बसला होता.

"भुजंगराव, कागद हाय. फौजेचा." ख्वाजामियाँनं तो उघडला. उर्दूतला होता. त्यानं एकदा मनात वाचला, मग चष्मा काढला. "घरात बायामानसं हायत का?"

"हायत की. काय झालं?"

"तुमचा लेक... सिपाही धर्मराज वल्द भुजंग. बर्माच्या सरहद्दीवर लढाईत कामी आला."

 मग धर्मराज दोर हातात घेऊन उभा राहिला.

"मियाँसाब, मी तर हितं हाय."

आणि तुळजाबाई हसली. तोंडाला पदर लावून, पण हसली. तिच्यामागून धर्मराज हसला, भुजंग हसला. ख्वाजामियाँलाही हसू आलं. त्यानं कागद पुन्हा बघितला, "नाव तर बराबर हाय, गाव बराबर हाय," म्हणाला. भुजंग म्हणाला, "सरकारबी खुळं झालं लढाईनं. जित्या मानसाला मारतं." वर्षभरात त्या घरात कुणी असं मोकळं हसलं नव्हतं.

साळूबाई चुलीपाशी होती. ती हसली नाही. हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहून गेली.

"मियाँसाब," ती म्हणाली, "वय काय लिव्हलंय?"

"वय? एकोनीस."

"धरमाला तेविसावं लागलंय." ती उठली. "कचरूनं थोरल्याचं नाव सांगितलं. स्वतःचं नाव-वय सांगितलं असतं तर घेतला नसता."

 ख्वाजामियाँनं छत्री उचलली, पुन्हा ठेवली.

धर्मराजच्या पाठीवर झालेली दोन लेकरं बाळंतपणातच गेली होती. म्हणून हा झाला तेव्हा सुईणीनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला, साळूबाईनं मूठभर ज्वारी देऊन विकत घेतला आणि नाव ठेवलं कचरू, म्हणजे मरणाची नजर जाऊ नये.

"कचरू व्हता तवर जगला," साळूबाई म्हणाली. मग ती खाली बसली आणि तिचा हंबरडा शेजारच्या आळीपर्यंत ऐकू गेला.

*

बातमी माणसांपेक्षा जोरात चालते, आणि नाव चुकीचंच घेऊन चालते. पाचव्या दिवशी टेंभुर्णीहून तुळजाबाईचा बाप, रामराव, गाडी जुंपून आला. दोन दिवस पावसात, चिखलात चाकं काढत आलेला. गाडीत तुळजाबाईची आई आणि चुलती, दोघी रडून घसा बसलेल्या. पोरीच्या बांगड्या फोडायच्या म्हणून त्यांनी येताना वाटेत काही खाल्लंसुद्धा नव्हतं.

धर्मराज अंगणात कडबा तोडत होता.

रामरावच्या हातातला कासरा गळून पडला. तो खाली उतरला, चिखलातच धावला आणि जावयाच्या गळ्यात पडला. त्याचं तोंड, दंड, पाठ चाचपून बघायला लागला. "जित्ता हाय! आगं, माझ्या लेकीचं कुकू जित्तं हाय! देवानं राखलं! बिलकुल राखलं!" गाडीतल्या बाया उतरल्या. रडता रडता हसायला लागल्या. चुलतीनं तुळजाबाईच्या गालावरून हात ओवाळून बोटं मोडली. अंगणात लगीन असल्यासारखा गलका झाला.

साळूबाई ओट्यावर बसली होती. केस मोकळे, पाच दिवसांचं सुतक अंगावर. रामरावची नजर तिच्यावर गेली आणि त्याचा आवाज बंद पडला.

"मंग... कोन गेलं?"

"धाकलं," धर्मराज म्हणाला.

रामरावनं पागोटं काढलं.  "वाईट झालं," म्हणाला. पण त्याच्या तोंडावरचा आनंद काही केल्या पुसला जाईना. तो दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला तेव्हा गावात सगळ्यांना बरं वाटलं, त्याला स्वतःलाही.

दहाव्याला भटजींनी मृताचं नाव विचारलं. भुजंगनं सांगितलं, कचरू. मग भटजी म्हणाले, कागदावर तर दुसरं ऐकलं. भुजंगनं पिंडाचं पान पुढं सरकवलं. भटजींनी पुढं काही विचारलं नाही.

धर्मराज पुन्हा एकदा मुनशीकडं जाऊन आला. मुनशी म्हणाला, नाव बदलायचं तर आधी लबाडीनं भरती झाला असं लिहून द्यावं लागंल, द्यायचं का? धर्मराज परत आला. पण त्या दिवसापासून त्याला कुणी मोठ्यानं हाक मारली की तो दचकायचा.

*

साळूबाईचं रडणं आटलं तेव्हा तिनं एकच धरून ठेवलं. वर्षभर तो कुठं होता? काय खात होता? कुणाजवळ निजत होता? दर वेळी ख्वाजामियाँला थांबवून विचारायची. ख्वाजामियाँ कनवाळू होता. त्यानंच जालन्यात चौकशी केली. भादव्यात सांगत आला, मस्तगडात बिड्या वळणाऱ्या लालबीचा लेक, निजामोद्दीन, त्याच पलटणीतून पाय गमावून घरी आलाय.

"तुमी जा," साळूबाई नवऱ्याला म्हणाली. "समदं इचारून या."

"धरमाला धाड."

"धरमानं न्हाई जुंपलं त्याला."

एवढंच बोलली. भुजंग दुसऱ्या दिवशी गेला.

मस्तगडात चढाच्या गल्लीत घर होतं. लालबी उंबऱ्याजवळ मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. बाजेवर विशी-बाविशीचा पोरगा, उजवा पाय गुडघ्याखाली नाही, पायजम्याची नळी दुमडून शिवलेली. भुजंगनं सांगितलं, धर्मराजच्या गावचा हाय, त्याच्या घरच्यांनी पाठवलंय. बाप म्हणून सांगायला तोंड उघडलं होतं, पण शब्द भलतेच निघाले.

"बैठो काका," निजामोद्दीन म्हणाला. "धरमू आपल्या जिल्ह्याचा म्हणून आमी एकाच तंबूत व्हतो. लई खायाचा! पयले दोन महिने तर लंगरवाला हैरान. बूट मोठे झालते त्याला, पुढं चिंध्या कोंबायचा. सहा महिन्यांत तेच बूट तंग. बाह्या हितं, कोपराशी आल्या. मंग नवा सदरा दिला. आवाज तर आगगाडीतच फुटला त्याचा, आमी हसून हसून... "

तो थांबला. लालबीनं भुजंगपुढं चहाची बशी सरकवली.

"खच्चरांच्या कामाला लावलं व्हतं आमाला. डोंगरात गाडी चालत न्हाई, समदं सामान खच्चरावर. त्याचं खच्चर सगळ्यात तगडं. पहाऱ्यावर कधी झोपला न्हाई तो. मी म्हणायचो, अरे टेक घटकाभर, मी बघतो. तर म्हणायचा, न्हाई, एकदा झोपलो व्हतो."

 भुजंगनं हातातली बशी खाली ठेवली.

"त्याला कुणी घरी पाठवून न्हाई दिलं का?" त्यानं विचारलं. "ल्हान दिसत आसंल की."

"हवालदारानं वळखलं व्हतं. चांगला मानूस. एक दिवस बोलावून म्हनला, सच सांग, किती वय? उद्या तुझं नाव काढतो, तिकीट देतो, माय-बापाकडं जा. धरमू तयार न्हाई झाला. मी रात्री इचारलं, कामून रे? आमाला तर कुणी सोडलं तर उड्या मारत जाऊ. तर त्यानं समदं सांगितलं. बैल मेला, बापानं जुंपला. म्हनला, जू ओढलं त्याचं काय न्हाई, बैल माझ्याच हातनं मेला व्हता. मारलं असतं तरी चाललं असतं." निजामोद्दीननं दुमडलेली नळी हातानं सारखी केली. "म्हनला, लोक हसले तेव्हा बा पण हसला. आता त्या शिवारात कसं जाऊ?"

गल्लीतून पाण्याची गाडी गेली.

मग त्यानं शेवटचं सांगितलं. पाऊस, चढाची वाट. तोफेचा गोळा खच्चरांच्या ओळीजवळ पडला. सगळे खाली उतारात पळाले. धरमूचं खच्चर झाडाला बांधलेलं होतं, ते सोडायला तो मागं फिरला. दुसरा गोळा आला, त्यात तो गेला आणि ह्याचा पाय गेला. तिथंच ओळीत माती दिली. वर नाव लिहिलंय, धर्मराज.

भुजंग उठला. "लई उपकार झाले," म्हणाला आणि गल्ली उतरून टेसनाकडे चालू लागला. गाडीत जागा होती, पण तो बदनापूरपर्यंत उभाच राहिला.

*

साळूबाई कपाशी खुरपत होती. त्यानंही खुरपं घेतलं आणि तिच्या शेजारच्या ओळीची पात धरली. दोघं ओणव्यानं पुढं सरकत राहिली. त्यानं बूट सांगितले, सदरा, खच्चर सगळं सांगितलं. मग हवालदाराचं सांगितलं. तो काय म्हणाला तेही सांगितलं. काही गाळलं नाही.

साळूबाईनं एक हरळीचं मूळ उपटून बांधाकडं फेकलं.

"मी भाकर घेऊन आल्ते त्या दिशी," ती म्हणाली. "मी पाठ करून बसले."

 पातीच्या टोकाला ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तुमी काय म्हन्लात त्या पोराला?"

"बाप हाय म्हनून सांगितलंच न्हाई."

"मंग त्यानं ते कुनाला सांगितलं? बापाला तर न्हाईच."

भुजंग खुरप्याची माती निपटत राहिला.

"बाजारच्या दिशी जाऊ," साळूबाई म्हणाली. "मी बी येते."

ती जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसली आणि खिडकीतून बाहेर बघितलं नाही. कमरेला शेंगांचं गाठोडं. मस्तगडाचा चढ चढताना तिला दम लागला, दोनदा भिंतीला धरून थांबली. लालबीनं तिला बघितलं, सूप बाजूला ठेवलं, उठून तिचा हात धरून आत घेतलं आणि बाजेजवळ पोत्यावर बसवलं. कोण आलंय ते तिला सांगावं लागलं नाही.

भुजंग उभाच होता. निजामोद्दीन बाजेवर उठून बसला.

"काका, बसा ना."

"बसत न्हाई. मागं मी खोटं बोललो तुमच्यापाशी." भुजंगनं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. "मी गावचा कुनी न्हाई. त्यो बाप मीच."

निजामोद्दीन त्याच्याकडं बघत राहिला. रागानं नाही, जसं एखादं माणूस ऐकून ठेवलेलं असतं आणि पहिल्यांदा दिसतं, तसं.

"आन्‌ त्याचं नाव धर्मराज न्हाई," साळूबाई म्हणाली. "धर्मराज थोरला. हा कचरू. तुमी मैतर, तुमाला ठावं पाहिजे."

"कचरू," निजामोद्दीन म्हणाला. पुन्हा एकदा हळू म्हणाला. "आमी वरीसभर धरमू धरमू... दोनदोनदा हाक मारल्याबिगर बघायचा न्हाई. आमी म्हणायचो भैरा हाय."

लालबी बिडीचं पान बोटात तसंच धरून बसली होती. निजामोद्दीननं साळूबाईला विचारलं,

"अम्मा, वय किती व्हतं त्याचं? सच."

साळूबाईनं बोटांवर मोजलं नाही. तिला तोंडपाठ होतं.

"दुधनेला पूर येऊन मांगवाड्यापातुर पानी चढलं, त्या साली पोळ्याच्या दुसऱ्या दिशी झाला. घरातून गेला तवा पंधरावं पुरं झालं नव्हतं. औंदाच्या पोळ्याला सोळा झाली असती."

निजामोद्दीनची मान खाली गेली. तो चादरीचा धागा ओढत राहिला. मग बोलला ते भिंतीकडं बघून बोलला.

"मी त्याला मारलं व्हतं, अम्मा. पयल्या महिन्यात. तंबूत निजला की रडायचा. तोंड दाबून, पन आवाज यायचा. आमी दिवसभर थकलेले. एक दिवस मी उठलो आन्‌ चांगलं मारलं त्याला. म्हनलं, लेकरावानी रडतो काय रे, मर्द हाय का कोन हाय? तिथून पुढं न्हाई रडला तो कधी."

लालबीनं तोंडावर पदर घेतला. भुजंग मुंडासं हातात पिळत होता.

साळूबाईनं दोघांकडंही बघितलं. आधी बाजेवरच्या पोराकडं, मग उभ्या असलेल्या नवऱ्याकडं.

"लई लागलं व्हतं का त्याला?" तिनं विचारलं.

कोणाला विचारलं ते तिनं सांगितलं नाही. उत्तराला ती थांबलीही नाही. कमरेचं गाठोडं सोडून शेंगा तिनं लालबीच्या सुपात ओतल्या, आणि गाडीची वेळ झाली होती म्हणून भिंतीला हात देऊन उठली.